रूट केलेल्या फोनसाठी ‘ॲप मॅनेजर’: परवानग्या, घटक आणि नको असलेली सिस्टिम ॲप्स

प्ले स्टोअरवर ‘ॲप मॅनेजर’ असं शोधलंत, तर त्या नावाची ढीगभर ॲप्स निघतील आणि त्यांतलं एकही हे नसेल. इथे ज्याचं परीक्षण आहे ते एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या दुकानात आणि गिटहबवर मिळतं. ओपन सोर्स आहे, जीपीएल परवान्याखाली आहे, फुकट आहे आणि जाहिरात एकही नाही. उतरवून घेतल्यावर पहिलं काम पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपची आतली ओळख, बघायचं: ‘आयओ डॉट गिटहब’ने सुरुवात, मध्ये ‘मुंतशिराकोन’ आणि शेवटी ‘ॲपमॅनेजर’. रूट, म्हणजे फोनवरचा सर्वाधिकार, मागणाऱ्या ॲपला आपण घराची किल्लीच देतो. निदान दार वाजवणारा कोण आहे ते तरी बघून घ्यावं.

निकाल आधीच सांगून टाकतो. फोन रूट केलेला असेल आणि ‘हे ॲप नक्की काय करतंय, त्यातलं किती थांबवता येईल’ हा प्रश्न पडत असेल, तर याच्या तोडीचं फुकट साधन नाही. पण एखाद्या ॲपची कॅमेऱ्याची परवानगी काढायची, एवढंच काम असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. त्याला अँड्रॉइडच्या सेटिंग्ज पुरतात, आणि हे ॲप चुकीच्या जागी दाबलेलं बोट माफ करत नाही. (खाली मेनूतली नावं इंग्रजीच ठेवली आहेत. स्क्रीनवर शोधायला तीच सोयीची पडतात.)

सेटिंग्ज कुठे अपुऱ्या पडतात

अँड्रॉइड ४.३ मध्ये, म्हणजे २०१३ साली, ‘ॲप ऑप्स’ नावाचा एक पडदा गूगलने लपवून ठेवला होता. कुठलं ॲप काय वापरतंय ते त्यात दिसायचं आणि एकेक गोष्ट बंदही करता यायची. लोकांना तो सापडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४.४.२ मध्ये तो गायब झाला. गेला तो फक्त पडदा. मागची यंत्रणा आजही प्रत्येक फोनमध्ये आहे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि वापरताना विचारल्या जाणाऱ्या परवानग्या सुरू झाल्या. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ ने ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी आणली, बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घ्यायला सुरुवात केली. १२ मध्ये कॅमेरा आणि माइक चालू असल्याची हिरवी खूण आली.

इतकं होऊनही तीन गोष्टी वापरणाऱ्याच्या हातात आल्या नाहीत. पहिली, इन्स्टॉल करतानाच मिळून जाणाऱ्या परवानग्या: इंटरनेट, फोन चालू होताच जागं होणं, प्रोसेसरला झोपू न देणं. या कुणी विचारत नाही आणि सेटिंग्जमध्ये काढताही येत नाहीत. दुसरी, कंपनीने आधीच भरून दिलेल्या सिस्टिम ॲप्सच्या परवानग्या; तिथलं बटण बऱ्याचदा करडं असतं, दाबलं तरी हलत नाही. तिसरी म्हणजे ॲपच्या पोटातले घटक. सर्व्हिस (मागे काम करणारी), रिसीव्हर (सिस्टिमचे संदेश ऐकणारा), प्रोव्हायडर (डेटा पुरवणारा) हे सगळे आतून काम करतात आणि त्यांची नावं सामान्य माणसाला कधी दिसतच नाहीत. ॲप मॅनेजरचं खरं काम या तिन्ही ठिकाणी आहे.

चालू करताना

पहिल्यांदा उघडल्यावर सेटिंग्जमध्ये ‘मोड ऑफ ऑपरेशन’ बघा. ‘ऑटो’वर ठेवलं तरी चालतं, पण मॅजिस्क किंवा कर्नलएसयू या रूट देणाऱ्या साधनांत रूट मंजूर करून तिथे सरळ ‘रूट’ निवडलेलं बरं. नाहीतर कधी रूट मिळालं नाही तर ॲप गुपचूप खालच्या मोडवर उतरतं आणि ‘हे बटण दिसत का नाही’ म्हणून आपण शोधत बसतो. रूट नसलेल्यांसाठी एडीबीचा, म्हणजे बाहेरून फोनला आज्ञा द्यायच्या अँड्रॉइडच्या सोयीचा, मोड आहे. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंगने तो केबलशिवाय जमतो, पण फोन बंद-चालू झाला की पुन्हा जोडावा लागतो. त्यात परवानग्या, ॲप ऑप्स आणि सिस्टिम ॲप गोठवणं एवढं होतं. घटक बंद करणं आणि डेटासकट बॅकअप घेणं ही कामं रूटशिवाय होत नाहीत.

परवानग्यांचा टॅब

एखाद्या ॲपवर टॅप केलं की वर टॅबची लांबच लांब रांग लागते. पहिल्यांदा बघणारा इथेच गांगरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मांडणी बनवणाऱ्याच्या सोयीची आहे, वापरणाऱ्याच्या नव्हे. ‘यूझेस परमिशन्स’ या टॅबमध्ये ॲपने मागितलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात, सेटिंग्ज ज्या दाखवत नाहीत त्याही. धोकादायक गटातल्या लाल रंगात असतात.

इथे लक्ष द्यायचं ते परवानगीला लागलेल्या खुणांकडे. ‘यूझर सेट’ म्हणजे तुम्ही दिलेली किंवा नाकारलेली. ‘ग्रँटेड बाय डिफॉल्ट’ म्हणजे फोनबरोबरच आलेली. ‘सिस्टिम फिक्स्ड’ असेल तर ती परवानगी सिस्टिमने खिळे ठोकून बसवलेली आहे. इथलं बटण दाबून ती निघणार नाही, निघाल्यासारखी वाटली तरी टिकणार नाही. अशा वेळी परवानगीशी झगडत बसू नका. शेजारच्या ‘ॲप ऑप्स’ टॅबमध्ये जा.

ॲप ऑप्स

परवानगी म्हणजे दारावरचा पास, आणि ॲप ऑप म्हणजे दाराशी उभा असलेला माणूस. पास खरा असला तरी तो आत सोडायचं की नाही ते ठरवू शकतो. प्रत्येक ऑपला पाचपैकी एक स्थिती असते. ‘अलाउ’ सरळ आहे. ‘फोरग्राउंड’ म्हणजे ॲप समोर उघडं असेल तरच. ‘डिफॉल्ट’ म्हणजे मूळ परवानगी सांगेल तसं. राहिलेल्या दोनांतला फरक मात्र नीट कळायला हवा. ‘डिनाय’ केलं की सिस्टिम ॲपच्या तोंडावर नकार फेकते, आणि तो नकार पचवायची तयारी ज्या ॲपमध्ये नसते ते जागीच बंद पडतं. ‘इग्नोअर’ केलं की ॲपला रिकामं उत्तर मिळतं: संपर्क मागितले तर शून्य संपर्क, ठिकाण मागितलं तर काहीच नाही. ॲपला वाटतं सगळं ठीक चाललंय. म्हणून नियम सोपा ठेवा: आधी इग्नोअर, आणि डिनाय फक्त मुद्दाम एखादं ॲप कुठे अडतंय ते तपासायचं असेल तेव्हाच.

या टॅबची माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट बटणं नाहीत, वेळा आहेत. प्रत्येक ऑपच्या खाली ती शेवटची कधी मंजूर झाली आणि शेवटची कधी नाकारली गेली ते येतं. फोनबरोबर आलेल्या हवामानाच्या ॲपवर टॅप करा आणि ‘फाइन लोकेशन’ शोधा. चार दिवस ते ॲप उघडलेलंच नसेल आणि तरी शेवटची मंजुरी वीस मिनिटांपूर्वीची दिसत असेल, तर मागून काय चाललंय ते कळलं. आता इग्नोअर करा, अर्ध्या तासाने परत या. मंजुरीची वेळ तिथेच थांबलेली आणि नाकारल्याची वेळ पुढे सरकलेली दिसली, तर कुलूप लागलं. मंजुरीचीच वेळ पुढे गेली असेल तर बदल टिकला नाही. एवढी तपासणी न करता ‘बंद केलं’ म्हणणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

बदल न टिकण्याची दोन कारणं नेहमीची. ठिकाण, माइक, संपर्क यांसारखे ऑप एखाद्या परवानगीला बांधलेले असतात. फोन पुन्हा चालू झाला किंवा सेटिंग्जमध्ये कुणी तीच परवानगी हलवली की सिस्टिम दोघांचा मेळ पुन्हा घालते आणि तुमचं इग्नोअर पुसलं जातं. म्हणून जिथे परवानगी काढता येते तिथे आधी तीच काढा. ऑप फक्त सिस्टिम फिक्स्डसाठी राखा आणि रीस्टार्टनंतर एकदा नजर टाका. दुसरं कारण सामायिक ओळखीचं. काही सिस्टिम ॲप्स एकाच यूझर आयडीखाली राहतात, म्हणजे फोन आणि एसएमएसशी संबंधित तीन-चार पॅकेजेस एकाच नावाने वावरतात. त्यांतल्या एकाचा ऑप बदलला तर तो सगळ्यांना लागू होतो. ॲपच्या माहितीत ‘शेअर्ड यूझर आयडी’ दिसला तर हात आवरता घ्या.

विचारून मिळणाऱ्या परवानगीला न बांधलेले ऑप हेच खरं हक्काचं मैदान. ‘रन एनी इन बॅकग्राउंड’ इग्नोअर केलं की ॲप मागे धावायचं थांबतं. बॅटरीच्या सेटिंगमधलं ‘रिस्ट्रिक्टेड’ आतून हेच करतं. ‘वेक लॉक’ इग्नोअर केलं की ॲप प्रोसेसरला जागं धरू शकत नाही. गाणी वाजवणाऱ्या आणि धावण्याचं अंतर मोजणाऱ्या ॲपला मात्र हे करू नका, पडदा बंद झाला की दोन्ही मुकी होतील. ‘रीड क्लिपबोर्ड’बद्दल एक इशारा. अँड्रॉइड १० पासून मागच्या ॲप्सना क्लिपबोर्ड तसाही वाचता येत नाही, फक्त समोरच्या ॲपला आणि कीबोर्डला येतो. समोरच्या ॲपचा हा ऑप बंद केला तर त्याच्यात पेस्ट होणंही थांबतं. मग कॉपी केलेला ओटीपी चिकटत नाही, आणि दोष कीबोर्डच्या माथी मारला जातो.

तसाच घोळ ‘सेंड एसएमएस’चा. यूपीआयची ॲप्स नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर आणि फोन यांची गाठ बांधतात. हा ऑप इग्नोअरवर असेल तर एसएमएस निघतच नाही, चूक कुठेच दिसत नाही, ॲप गोल फिरत राहतं आणि शेवटी ‘नंबरची पडताळणी झाली नाही’ म्हणतं. नोंदणी होईपर्यंत अलाउ ठेवा, नंतर हवं तर बंद करा.

घटकांवर घाव

फोन चालू होताच जागं होण्यासाठी शुद्ध अँड्रॉइडमध्ये वेगळा ऑप नाही. ते थांबवायचं तर ॲपमधला बूटचा संदेश ऐकणारा रिसीव्हरच बंद करावा लागतो. ‘रिसीव्हर्स’ टॅबमध्ये शोधायला ‘बूट’ टाइप करा, बहुतेक वेळा नावावरूनच सापडतो. ‘सर्व्हिसेस’ आणि ‘प्रोव्हायडर्स’ यांचे टॅब शेजारीच आहेत. माग काढणाऱ्या लायब्रऱ्यांचे, म्हणजे ॲपमध्ये बसवलेल्या बाहेरच्या तयार कोडचे, घटक नारिंगी रंगात दिसतात. त्यांची ओळख फ्रान्समधल्या ‘एक्झोडस प्रायव्हसी’ या ना-नफा संस्थेच्या यादीवरून पटवली जाते.

बंद करण्याच्या पद्धती दोन, आणि सेटिंग्जमधल्या ‘रूल्स’मध्ये मूळची पद्धत निवडता येते. एक ‘डिसेबल’: सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरला सांगायचं की हा घटक बंद. अडचण अशी की ॲपला स्वतःचे घटक स्वतः चालू करायचा हक्क असतो. तुम्ही रात्री बंद केलेला रिसीव्हर ॲप सकाळी उघडताच पुन्हा चालू करू शकतं, आणि काही ॲप्स तसं करतातही. दुसरी पद्धत ‘इंटेंट फायरवॉल’. यात डेटा विभागातल्या सिस्टिम फोल्डरमधे ‘आयएफडब्ल्यू’ नावाच्या उपफोल्डरात दर पॅकेजमागे नियमांची एक छोटी फाइल लिहिली जाते. अँड्रॉइड स्वतः त्या फोल्डरवर नजर ठेवून असतं, त्यामुळे नियम लगेच लागू होतो. रीस्टार्ट लागत नाही. ॲपच्या दृष्टीने घटक चालूच असतो, त्याला दिलेली हाक फक्त पोचत नाही. ती फाइल ॲपच्या आवाक्याबाहेर असल्याने त्याला नियम उलटवताही येत नाही.

मग सगळीकडे फायरवॉलच का नको? कारण ती ॲक्टिव्हिटी (म्हणजे ॲपचा पडदा), सर्व्हिस आणि रिसीव्हर यांच्यापुरती आहे. प्रोव्हायडर तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना डिसेबलच करावं लागतं. आणि बहुतेक लोकांची ॲप्स नेमकी तिथेच कोसळतात.

एक उदाहरण जवळून बघू. खरेदीचं कुठलंही ॲप घ्या. सर्व्हिसेसमध्ये ‘ॲप मेझरमेंट सर्व्हिस’ आणि ‘ॲप मेझरमेंट जॉब सर्व्हिस’ दिसतील, रिसीव्हर्समध्ये ‘ॲप मेझरमेंट रिसीव्हर’. ही फायरबेसची, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या सेवेची, मोजणी करणारी मंडळी. तिन्ही बंद करा, ॲप जसंच्या तसं चालतं. आता प्रोव्हायडर्समध्ये ‘फायरबेस इनिट प्रोव्हायडर’ दिसतो. नाव त्याच घराण्याचं म्हणून तोही बंद केलात, तर ॲप उघडताक्षणी पडतं. हा प्रोव्हायडर ॲपच्या इतर कोडच्या आधी धावून फायरबेस उभं करतो; तो धावला नाही की पुढचा कोड न उभ्या राहिलेल्या फायरबेसला हात घालतो. ॲप मॅनेजरच्या लॉग व्ह्यूअरमध्ये ‘डिफॉल्ट फायरबेस ॲप इज नॉट इनिशियलाइझ्ड’ अशी ओळ सापडली की निदान पक्कं. प्रोव्हायडर चालू करा, बाकी तीन बंदच राहू द्या. तसंच ‘फायरबेस मेसेजिंग’ नावाची सर्व्हिस किंवा ‘इन्स्टन्स आयडी रिसीव्हर’ बंद केला तर ॲप पडत नाही, पण त्याच्या नोटिफिकेशन येणं थांबतं. बँकेच्या ॲपला हे केलं तर तक्रार आठवड्याने येते, आणि तोवर काय बंद केलं होतं ते विसरलेलं असतं.

मर्यादाही सांगायला हवी. घटक बंद केला म्हणजे लायब्ररी मेली असं होत नाही. जो कोड ॲप थेट स्वतःच्या प्रोसेसमध्ये हाक मारून चालवतं तो कुठल्याच घटकातून जात नाही, आणि त्याला हे साधन अडवू शकत नाही. ‘स्कॅनर’मध्ये बारा ट्रॅकर सापडले आणि घटक चारांचेच दिसले, तर राहिलेले आठ असेच आत मिसळलेले असतात. शिवाय ॲप अपडेट झालं की घटकांची नावं बदलू शकतात. जुना नियम जुन्या नावावर पहारा देत बसतो आणि नवा घटक बाजूने निघून जातो. मोठ्या अपडेटनंतर तो टॅब पुन्हा बघणं आलंच.

‘वन-क्लिक ऑप्स’ हा विभाग दिसायला मोहक आणि वापरायला सगळ्यांत घातक. ‘ब्लॉक ट्रॅकर्स’ चालवताना सिस्टिम ॲप्सही धरायची का असं विचारलं जातं, नाही म्हणा. ‘ब्लॉक कंपोनंट्स’मध्ये तुम्ही दिलेला शब्द नावात कुठेही आला तरी जुळतो. ‘ॲड’ असा तुकडा टाकलात तर जाहिरातींबरोबर ‘ॲड्रेस’, ‘ॲडमिन’ आणि ‘डाउनलोड’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधली तीच अक्षरंही सापडतात आणि निम्म्या फोनला कुलूप लागतं. पूर्ण पॅकेजचं नाव टाइप करायचा कंटाळा असेल तर हा विभाग उघडूच नका.

सिस्टिम ॲप्स: गोठवायची की काढायची

‘फ्रीझ’च्या पद्धती सेटिंग्जमध्ये निवडता येतात. ‘सस्पेंड’ केलं की आयकॉन करडा होतो, ॲप उघडत नाही, नोटिफिकेशन दिसत नाहीत. पण मागची सर्व्हिस चालू राहू शकते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, त्यातला प्रकार. ‘डिसेबल’ हा खरा बंदोबस्त: कोड धावत नाही, डेटा जागेवर राहतो आणि उलटवणं एका टॅपचं काम. ‘हाइड’ केलं की ॲप इन्स्टॉलच नसल्यासारखं वागतं, मग ते पुन्हा शोधताना आपलीच तारांबळ उडते. कंपनीच्या ॲप्ससाठी डिसेबल निवडा आणि विषय संपवा.

‘अनइन्स्टॉल’बद्दल गैरसमज दोन. पहिला जागेचा. सिस्टिम ॲपची मूळ फाइल फक्त वाचता येणाऱ्या विभागात असते. अनइन्स्टॉल केल्यावर ती तुमच्या यूझरपुरती, म्हणजे यूझर शून्यपुरती, काढली जाते. मूळ फाइल तिथेच राहते. मोकळी होते ती फक्त तिच्या अपडेटची आणि डेटाची जागा. दुसरा गैरसमज कायमपणाचा. सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर काढलेली ॲप्स काही वेळा परत हजर होतात. आणि शाओमीच्या ‘ड्युअल ॲप्स’सारखी सोय वापरत असाल तर तो वेगळा यूझर असतो, क्रमांक ९९९, यूझर शून्यमधून काढलेलं ॲप तिथे निवांत बसलेलं असतं.

काय काढावं यासाठी ‘डीब्लोटर’ विभाग आहे. फोनमधल्या पॅकेजेसची यादी, प्रत्येकापुढे थोडी माहिती आणि ते काढणं कितपत सुरक्षित याचा शेरा. फेसबुक न वापरणाऱ्याच्या फोनमध्येही आधीच भरलेली ‘फेसबुक ॲप मॅनेजर’, ‘सर्व्हिसेस’ आणि ‘सिस्टिम’ ही तीन पॅकेजेस, किंवा मीयूआय या शाओमीच्या अँड्रॉइडमधलं जाहिराती दाखवणारं ‘एमएसए’, यांना बेधडक डिसेबल करता येतं. पण शेरा ‘सुरक्षित’ असला तरी एका वेळी चार-पाचच घ्या, फोन रीस्टार्ट करा, एक दिवस वापरा, मग पुढचे. एकदम चाळीस काढून फोन अडला तर गुन्हेगार कोण ते शोधायला चाळीस उलटवावे लागतात.

हात न लावायच्या यादीत ‘सिस्टिम यूआय’, ‘परमिशन कंट्रोलर’, ‘पॅकेज इन्स्टॉलर’, ‘मीडिया’ आणि ‘डाउनलोड’चे प्रोव्हायडर, आणि ‘वेबव्ह्यू’. वेबव्ह्यू गेलं की फोन चालतो, पण आत वेबपान दाखवणारं प्रत्येक ॲप पडायला लागतं, आणि पैसे भरायच्या पानावर तर हमखास. मीयूआयमध्ये ‘सिक्युरिटी’ आणि ‘फाइंड डिव्हाइस’ काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण: फोन बूटलूपमध्ये जातो, म्हणजे पूर्ण चालू न होता लोगोवरच फिरत राहतो.

बूटलूप झालाच तर काय, याची तयारी आधीच करावी लागते. यूएसबी डीबगिंग चालू ठेवा आणि घरच्या एका कॉम्प्युटरला त्याची मंजुरी देऊन ठेवा. अँड्रॉइड ११ पासून ही मंजुरी सात दिवस न वापरल्यास आपोआप रद्द होते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एडीबीच्या मंजुरीची मुदत बंद करायचं बटण आहे, ते चालू करून ठेवा. लोगोवर फिरत असलेल्या फोनमध्येही बऱ्याचदा काही सेकंद एडीबी जागं होतं, आणि तेवढ्यात पॅकेज मॅनेजरची ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ ही आज्ञा देऊन काढलेलं ॲप परत बसवता येतं. मूळ फाइल सिस्टिममध्ये असतेच. मॅजिस्कचा सेफ मोड इथे उपयोगाचा नाही, तो मॉड्यूल बंद करतो, तुम्ही काढलेली पॅकेजेस परत आणत नाही. यातलं काही साधलं नाही तर फॅक्टरी रीसेट. त्याने ॲप्स परत येतात, डेटा जातो. म्हणून ॲप मॅनेजरच्याच बॅकअपमध्ये महत्त्वाची ॲप्स आधी घ्या. तो परवानग्या, ऑप्स आणि घटकांचे नियमही जपतो. फक्त बॅकअप फोनमध्येच न ठेवता बाहेर काढून ठेवा.

काय जमत नाही

इंटरनेट पूर्ण तोडणं जमत नाही. ‘नेट पॉलिसी’ आहे, पण तिची मजल मुख्यतः मागून होणारा डेटाचा वापर रोखण्यापर्यंत. एखाद्या ॲपला वायफायवरही एक बाइट जाऊ द्यायचा नसेल तर रूटवर चालणारं ‘एएफवॉल प्लस’ हे फायरवॉल लावा. फोनवर ‘लिनेजओएस’ ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती असेल तर नेटवर्कचं बटण ॲपच्या माहितीतच मिळतं.

खोटी माहिती पुरवणंही जमत नाही. इग्नोअर म्हणजे रिकामी यादी; बनावट संपर्क किंवा बनावट ठिकाण नव्हे. रिकामी यादी पाहून अडून बसणारी ॲप्स आहेत, त्यांच्यापुढे याचा इलाज चालत नाही. ‘एसएसएआयडी’, म्हणजे प्रत्येक ॲपला मिळणारी फोनची ओळख, बदलता येते. बदल रीस्टार्टनंतर लागू होतो आणि त्या ॲपला तुमचा फोन नवा वाटतो. बँकेच्या ॲपवर हा प्रयोग केला तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून.

नव्या ॲपला आपोआप ठरावीक ऑप्स लावायची सोय हवी असेल तर रिक्का या डेव्हलपरचं ‘ॲप ऑप्स’ हे ॲप जास्त सोयीचं. त्यात साचा बनवून ठेवता येतो आणि मांडणीही खूप स्वच्छ आहे; काही सोयींना पैसे पडतात आणि घटकांचं काम त्यात नाही. फक्त गोठवायचं असेल तर ‘हेल’ हे छोटं ओपन सोर्स ॲप पुरे.

आणि रूट लपवणं हे याचं कामच नाही. बूटलोडर (फोन सुरू करणारा, मुळात कुलूपबंद असलेला प्रोग्रॅम) उघडलेल्या फोनवर प्ले इंटेग्रिटीची, म्हणजे फोन अस्सल आहे का ते बघणारी गूगलची, तपासणी नापास झाली म्हणून बँकेचं ॲप चालत नसेल, तर ते ॲप मॅनेजरने बिघडवलेलं नाही आणि ते दुरुस्तही करणार नाही. फक्त याच कामासाठी फोन रूट करायचा विचार असेल तर हिशोब नीट करा: बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, आणि सॅमसंगवर बाहेरचं सॉफ्टवेअर चढवलं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, सिक्योर फोल्डर परत मिळत नाही. तेवढ्यासाठी एडीबीचा मोड पुष्कळ झाला.

शेवटी हे ॲप काढताना. ॲप मॅनेजर अनइन्स्टॉल केलं म्हणून त्याने लावलेले नियम जात नाहीत. फायरवॉलच्या फाइली तिथेच राहतात, डिसेबल केलेले घटक आणि गोठवलेली ॲप्सही तशीच राहतात. आधी सगळी ॲप्स ‘अनफ्रीझ’ करा, मग सेटिंग्ज, ‘रूल्स’, ‘रिमूव्ह ऑल रूल्स’, ऑप्स इग्नोअर केले असतील ते डिफॉल्टवर, एक रीस्टार्ट, आणि त्यानंतरच अनइन्स्टॉल.